गळ्यातली पिशवी

मी पोहोचले तेव्हा डॉ. खासनीस फोटो काढून घेत होते. त्यांच्या साठीनिमित्त गौरवग्रंथ निघणार होता आणि त्याच्या मुखपृष्ठावर सर जुन्या कागदांत बुडालेले दिसायला हवे होते. फोटोग्राफरने टेबलावर दप्तरांचे रुमाल सोडून ठेवले होते. सरांच्या एका हातात भिंग होतं, दुसऱ्या हातात मोडीतला एक कागद. कागदावर उजेड नीट पडेना, तेव्हा फोटोग्राफर म्हणाला की उलटा धरा. सरांनी धरला. मग कपाळाला आठ्या घालून ते त्या उलट्या मोडीकडे भिंगातून बघत राहिले, आणि आपण वाचतो आहोत असं त्यांना खरंच वाटत असावं, इतका चेहरा गंभीर झाला.

मी दाराशी उभी होते. माझ्या पर्समध्ये पोलिसांच्या रिमांड रिपोर्टची झेरॉक्स होती.

सर माझे पीएच.डी.चे मार्गदर्शक. वसाहतकाळातले तुरुंग हा माझा विषय. घरी कुणी पाहुणे आले की सर मला हाक मारायचे आणि म्हणायचे, "ही आमची सोजर माने. इंग्रजांनी हिची जमात गुन्हेगार ठरवली होती, आणि आज ही त्यांचेच कागद तपासते आहे." पाहुणे कौतुकाने बघायचे, आणि एखाद्या बाई बोलता बोलता सोफ्यावरची आपली पर्स मांडीवर घ्यायच्या. आमच्या जमातीचं नाव मी इथे लिहीत नाही. ते वाचलं की वाचणाऱ्याचा हात खिशाकडे जातो.

त्र्याण्णव सालची ही गोष्ट. माझा मामेभाऊ लिंबादादा तालुक्याच्या बाजारात छत्र्या आणि स्टोव्ह दुरुस्त करायचा. बाजाराच्या दिवशी तो एका सराफाच्या दुकानाच्या पायरीखाली पोतं अंथरून बसे, आणि सराफाची हरकत नसे, कारण त्याच्या घरचे स्टोव्ह दादा फुकट करून द्यायचा. त्या बाजारी सराफाची एक ठुशी गेली. पोलीस आले, पायरीखाली कोण बसलंय ते त्यांनी बघितलं, आणि त्यांचा तपास संपला.

ठुशी मिळाली नाही. दादाचं पोतं झटकलं, पेटी उलटी केली, कपडे काढले, मिळाली नाही. तेव्हा त्यांनी त्याच्या गळ्यात शोधायला सुरुवात केली. दोघांनी डोकं मागे धरलं आणि तिसऱ्याने त्याच्याच पेटीतला चिमटा त्याच्या घशात घातला. दादा रक्त ओकला. मामी त्याला कोठडीत भाकरी घेऊन गेली तेव्हा त्याला पाणीही गिळता येत नव्हतं.

आमचे वकील मुजावर यांनी मला रिमांड रिपोर्टची प्रत आणून दिली. कोठडी वाढवून मागताना फौजदार वाघचौरे यांनी लिहिलं होतं की, सदर जमातीच्या इसमांना लहानपणापासून घशात पिशवी तयार करण्याची सवय असून चोरीचे दागिने ते त्या पिशवीत दडवतात, सबब मुद्देमाल हस्तगत करण्यासाठी आरोपीची कोठडी आवश्यक आहे. खाली आधार दिला होता. जिल्ह्याचा इतिहास, खंड दुसरा, लेखक डॉ. दिगंबर खासनीस. पानाचा आकडासुद्धा होता. पोलिसांनी तळटीप देण्याची ही पहिलीच वेळ असेल.

फोटो झाला. फोटोग्राफर दुसरी जागा शोधू लागला तेवढ्यात मी सरांपुढे कागद ठेवला. त्यांनी तो वाचला. पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आजही विसरलेले नाही. त्यांना आनंद झाला होता.

"बघ," ते म्हणाले, "पोलीससुद्धा वाचतात."

मी त्यांना दादाच्या घशाबद्दल सांगितलं. त्यांनी च्च् केलं. मग मी मला काय हवंय ते सांगितलं. फक्त दोन ओळी. हे विधान एका इंग्रज अधिकाऱ्याच्या पुस्तकातून घेतलेलं आहे, ते लेखकाचं मत नाही, आणि कुणा माणसाविरुद्ध पुरावा म्हणून ते वापरता येणार नाही. खाली सही. मुजावर ते कोर्टात देतील.

सर म्हणाले की मी भावनेच्या भरात बोलते आहे. ब्रॅम्वेल हा तिथला पोलीस अधिकारी होता, त्याने त्या काळात, त्या ठिकाणी बसून लिहिलं. ते प्राथमिक साधन आहे. "साधन बोलतं, सोजर. आपण फक्त ऐकायचं. ते आपल्याला आवडलं नाही म्हणून त्याचं तोंड दाबायचं नसतं."

"ब्रॅम्वेलने ती पिशवी स्वतः पाहिली होती का सर?"

"जेलच्या सर्जनने पाहिली होती, असं तो लिहितो."

"सर्जनचा कागद तुम्ही पाहिलात?"

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत घातला. "इतक्या खाली कुणी जात नाही," ते म्हणाले.

फोटोग्राफरने त्यांना हनुवटी जरा वर करायला सांगितली आणि त्यांनी केली.

मी त्याच रात्रीच्या गाडीने मुंबईला गेले. माझ्या विषयासाठी अभिलेखागाराचा परवाना माझ्याकडे आधीपासून होता, आणि तुरुंगांच्या फायली कुठे असतात हे मला ठाऊक होतं. मेजर ब्रॅम्वेलचं छापील पुस्तक आधी मागवलं. तो जाडजूड ग्रंथ म्हणजे पश्चिम भागातल्या तमाम भटक्या जमातींना ओळखायचं कसं याचं मार्गदर्शन. कोणती जमात कशी चालते, कशी हसते, कोणत्या वेळी खोटं बोलते, सगळं ठामपणे लिहिलेलं. या गृहस्थाला माणसांपेक्षा घोड्यांची जास्त माहिती असावी, कारण जिथे घोड्याचा उल्लेख येतो तिथेच त्याची भाषा जिवंत होते. आमच्या जमातीला त्याने दीड पान दिलं होतं. त्यात ते वाक्य होतं, की एका मृत कैद्याच्या गळ्यात जेलच्या सर्जनला अशी पिशवी मिळाली. तारीख नव्हती, पण तुरुंगाचं नाव होतं.

त्या तुरुंगाच्या मृत्यूच्या फायली मी वर्षामागून वर्ष मागे जात काढल्या. ब्रॅम्वेलने पुस्तक लिहिलं त्याच्या जवळजवळ तीस वर्षं आधीच्या फायलीत तो कागद निघाला. सर्जनचं नाव मॉर्टलॉक. अक्षर वाईट, शाई फिकी, आणि माणूस संतापलेला. एवढं मला पहिल्या ओळीतच कळलं, कारण रागात लिहिणाऱ्या माणसाची लेखणी कागदाला टोचते आणि ते शंभर-सव्वाशे वर्षांनीही बोटाला लागतं.

मी ते इंग्रजीतून माझ्या वहीत उतरवलं. मराठीत सांगायचं तर असं. कैदी खंडू, वय सुमारे पन्नास. गळ्यावर मोठी सूज. हा साधा गलगंड आहे असं मी कैदी जिवंत असताना सुपरिंटेंडेंटसाहेबांना दोनदा कळवलं होतं. पहारेकऱ्यांचा आग्रह होता की आत चोरीचं सोनं आहे. आता तो मेला आहे आणि सोनं शोधण्यासाठी गळा उघडावा असा मला हुकूम झाला आहे. मी उघडला. आत काही नाही. गलगंड आहे, मी म्हणालो होतो तसाच. मात्र घसा आतून फाटलेला असून मरण त्यानेच आलं आहे. तो कशाने फाटला हे सुपरिंटेंडेंटसाहेबांनी सांगावं, मला सांगता येत नाही.

खाली सुपरिंटेंडेंटचा शेरा होता. 'पाहिले. नैसर्गिक मृत्यू.'

एवढंच. आत काही नाही, असं लिहिलेल्या कागदावरून आत पिशवी होती असं छापलं गेलं, छापलेल्यावरून सरांनी मराठी केलं, मराठीवरून वाघचौरेंनी रिमांड मागितला आणि लिंबादादाच्या घशात चिमटा गेला. मी ते पान पुढ्यात ठेवून बसले होते. खंडूचा घसा कशाने फाटला असेल हे सुपरिंटेंडेंटला सांगता आलं नसेल, मला आलं असतं.

प्रमाणित प्रतीला आठवडा लागेल असं सांगण्यात आलं. दादाची पुढची तारीख परवावर आली होती. मी हाताने उतरवलेली नक्कल घेऊन परत निघाले, आणि घरी जायच्या आधी सरांकडे गेले, कारण मी तेव्हा अजून असं मानत होते की माणसाला कागद दाखवला की तो वाचतो.

सरांनी वाचला. मन लावून, दोनदा. आणि ते खरोखर हरखले.

"सुंदर," ते म्हणाले. "फारच सुंदर. प्रवादाची मुळं सापडली. असं क्वचित सापडतं." ते उठून येरझारा घालू लागले. यावर एक निबंध करता येईल, आपण दोघांच्या नावाने करू, तुझं नाव दुसरं राहील पण ते चालतं, परिषदेत वाचू, इंग्रजीत करू म्हणजे बाहेरही जाईल. शीर्षकही त्यांना तिथल्या तिथे सुचलं. खंडूचा गळा त्यांच्या डोळ्यांपुढे होता, पण तो छापील रूपात.

मी म्हणाले, "सर, परवा तारीख आहे. त्या दोन ओळी."

ते थांबले. मग खुर्चीत बसून माझ्याशी फार मऊ आवाजात बोलले. इतिहासकाराने कोर्टाची पायरी चढू नये. कोर्टाला हो किंवा नाही हवं असतं आणि आपल्या शास्त्रात तसं काही नसतं. शिवाय गौरवसमारंभाला पोलीस अधीक्षक प्रमुख पाहुणे होते. जिल्ह्याच्या इतिहासाच्या प्रती प्रत्येक ठाण्याला त्यांनीच घ्यायला लावल्या होत्या. आत्ता, या आठवड्यात, पुस्तकात चूक आहे असं लेखकानेच लिहून दिलं तर ते किती विचित्र दिसेल.

"दुसऱ्या आवृत्तीत बघू," ते म्हणाले. "मी शब्द देतो."

"दादा दुसऱ्या आवृत्तीपर्यंत कोठडीत राहील का सर?"

त्यांना माझा सूर आवडला नाही. त्यांनी मला आठवण करून दिली की माझ्या प्रबंधावर त्यांची सही व्हायची आहे. हे त्यांनी धमकी म्हणून नाही, काळजी म्हणून सांगितलं. अशी माणसं धमकी कधीच देत नाहीत, ती नेहमी काळजीच करतात. मी नक्कल त्यांच्या हातातून काढून घेतली आणि नमस्कार न करता निघाले. सहा वर्षांत पहिल्यांदा.

तालुक्याच्या कोर्टात त्या दिवशी वीज नव्हती. मॅजिस्ट्रेट रजिस्टरच्या पुठ्ठ्याने वारा घेत होते. दादाला दोरीला बांधून आणलं होतं. मान एका बाजूला कललेली, तोंड थोडं उघडं, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती आणि पुसायला हात मोकळा नव्हता. मामी पुढे झाली तर शिपायाने तिला मागे ढकललं.

मुजावरांनी सांगितलं की या कोठडीचा सगळा आधार एका वाक्यावर आहे आणि ते वाक्य खोटं आहे, आणि त्यांनी मला पुढे बोलावलं. मी नक्कल वाचून दाखवली. इंग्रजीतून, मग मराठीतून. वाचताना मी एकदाही वर बघितलं नाही, कारण फौजदार वाघचौरे माझ्यासमोर उभे होते आणि मला त्यांचे बूट दिसत होते, तेवढे पुरे होते.

माझं वाचून झाल्यावर मॅजिस्ट्रेटनी विचारलं की हा कागद कोणत्या सालचा. मी म्हणाले, अठराशे अडुसष्ट. त्यांनी पोलिसांकडचं पुस्तक मागवून घेतलं, पहिलं पान उघडलं.

"हे नव्वद सालचं आहे," ते म्हणाले. "म्हणजे बाई, तुमचं साधन जुनं आणि त्यांचं नवं. नव्या संशोधनात पिशवी आहे. जुन्यात नाही. कोर्टाने काय समजायचं?"

मी म्हणाले, नव्या पुस्तकातलं वाक्य याच जुन्या कागदावरून आलेलं आहे, उतरवताना उलटं झालेलं. ते म्हणाले, ते लेखकाने येऊन सांगावं, लेखक कुठे आहेत. मुजावरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "त्यांचा सत्कार आहे."

कोर्टात कुणीतरी हसलं. मॅजिस्ट्रेट वाईट माणूस नव्हते. त्यांना घरी जायचं होतं. त्यांनी दादाच्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि निकाल सोपा करून टाकला. आरोपीला सरकारी दवाखान्यात न्यावं, त्याच्या घशाला इजा झाली आहे काय ते पाहावं, तसंच त्याच्या घशात पिशवी आहे किंवा कसे, याचा अहवाल उद्या सादर करावा.

मी ते ऐकलं तेव्हा मला कळेना की आपण जिंकलो की काय झालं. मी एक वाक्य मारून टाकायला आले होते. कोर्टाने ते वाक्य तपासणीला पाठवलं होतं.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती, नुकतीच नोकरीला लागलेली. तिने हुकूम दोनदा वाचला आणि बरोबरच्या हवालदाराला विचारलं की ही चेष्टा आहे का. हवालदार म्हणाला, "नाही म्याडम, त्यांच्यात असती." तिने दादाला बसवलं, बॅटरी घेऊन घशात बघितलं, आणि बघता बघता तिचा चेहरा बदलला. तिने हवालदाराला बाहेर जायला सांगितलं. तो जाईना, तेव्हा ती त्याच्यावर ओरडली. त्या सगळ्या दिवसांत आमच्यासाठी मोठ्या आवाजात बोललेलं ते एकच माणूस.

तिने अहवालात लिहिलं की घशात आतून जखमा आहेत, बाहेरून घातलेल्या टोकदार वस्तूच्या, आणि स्वरयंत्राला इजा झाली आहे. पिशवीच्या रकान्यात लिहिलं, 'असा कोणताही अवयव मानवी शरीरात नसतो.' दुसऱ्या दिवशी दादाला जामीन मिळाला. पोलिसांनी कागदात काय नोंद केली ते मुजावरांनी मला नंतर दाखवलं. वैद्यकीय तपासणीत पिशवी आढळून आली नाही, आरोपीने ती अटकेपूर्वीच काढून टाकल्याची शक्यता नाकारता येत नाही. ठुशीचं म्हणाल तर ती पुढे सराफाच्या मेहुण्याकडे निघाली. हे आम्हाला कुणी कळवलं नाही. खटला बराच काळ पडून राहिला आणि मग आपोआप बंद झाला.

जामीन झाला त्या दिवशी ऊन उतरता उतरता आम्ही दादाला वस्तीवर आणलं. गावाबाहेर ओढ्याच्या कडेला पत्र्याची पाच-पंचवीस घरं. सगळे जमले. मामीने त्याला मऊ भात कालवून चमच्याने भरवला, तो डोळे मिटून एकेक घास गिळत होता. मी तिथेच चटईवर बसून सगळ्यांना खंडूचा कागद वाचून दाखवला. मला वाटलं होतं की हे त्यांना ऐकवायलाच हवं, कोर्टापेक्षाही यांना. इंग्रज सर्जनने स्वतः लिहून ठेवलंय की आपल्या माणसाच्या गळ्यात काही नव्हतं. कधीच नव्हतं.

वाचून झालं. गेनूबाबा, वस्तीतले सगळ्यात म्हातारे, हसले. त्यांचं म्हणणं असं की त्या खंडूच्यात नसेल. सगळ्यांच्यात नसायचीच. ती करावी लागायची. लहानपणी शिशाची गोळी दोऱ्याला बांधून घशात ठेवायचे, रोज थोडी थोडी, मग जागा व्हायची.

दादाची आई तान्हूमामी भाताचं ताट खाली ठेवून म्हणाली, "माज्या मामंजींच्यात व्हती की. सात पुतळ्या राह्याच्या. फौजदारानं उलटं टांगलं तरी एक पडली न्हाई."

आणि तिचा चेहरा फुलला होता. गेनूबाबांनी मान डोलावली. आणखी एकाने आपल्या चुलत आज्याचं सांगितलं. बघता बघता तिथे गळ्यांची स्पर्धा लागली. कुणाच्यात किती मावायचं, कोण दागिने नथीसकट गिळून जेवायला बसला, कोणता साहेब हरला. आता तशी माणसं राहिली नाहीत असं सगळ्यांचं मत पडलं. ज्याचा गळा फाडला होता तो लिंबादादासुद्धा ऐकत होता आणि त्याच्या ओठांवर हसू आलं होतं.

मी त्यांच्यावर चिडले. हे खोटं आहे, म्हणाले, हे साहेबाचं आहे, आपलं नाही, त्यानं लिहिलं म्हणून तुम्ही सांगता. मामीने माझ्याकडे जशी नजर टाकली तशी कधी सरांच्या घरच्या पाहुण्यांनीही टाकली नव्हती. "तुज्या कागदात नसंल," ती म्हणाली, आणि ताट उचलून घेतलं. मी शेवटची एसटी गाठायला निघाले. वाटेत मला त्या सगळ्यांची किळस आली, हे मी लपवत नाही. सर, ब्रॅम्वेल, वाघचौरे यांची येऊन चुकली होती. आता यांची आली.

सरांच्या गौरवसमारंभाची पत्रिका मला आली होती, मी गेले नाही. मार्गदर्शक बदलून घेतला, त्यात दोन वर्षं गेली, प्रबंध दुसऱ्या विद्यापीठातून पुरा केला. लिंबादादा जगला. आवाज मात्र गेला तो आला नाही. बाजारात बसायचा, पण गिऱ्हाइकाला हाक मारायला मुलीला जवळ बसवायचा.

सरांनी शब्द पाळला. दुसरी आवृत्ती सहा वर्षांनी आली. मी ती ग्रंथालयात उभ्याने उघडली. ते वाक्य जागच्या जागी होतं. खाली एक लांब तळटीप घातलेली होती. सर्जन मॉर्टलॉक यांच्या अहवालावरून या प्रवादाविषयी शंका उपस्थित करता येते, असं तिच्यात म्हटलं होतं. अहवाल कुणी शोधला ते म्हटलं नव्हतं. आणि पुढे: 'तथापि प्रस्तुत लेखकाने जमातीतील वृद्ध व्यक्तींच्या ध्वनिमुद्रित मुलाखती घेतल्या असता, गळ्यात पिशवी करण्याची प्रथा होती याला त्यांच्याकडून दुजोरा मिळाला. मौखिक साधन: श्रीमती तान्हूबाई, वय सुमारे सत्तर.'

मी तो खंड विकत घेतला आणि रविवारी वस्तीवर गेले.

मामी आता बसूनच असे. मी तिला तळटीप वाचून दाखवली. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवून ऐकली आणि विचारलं, "माजं नाव हाय त्यात?" मी म्हणाले, आहे. तिने ते कुठे आहे ते दाखवायला लावलं आणि त्यावर बोट ठेवलं.

मी विचारलं, का सांगितलंस त्यांना. त्यांनीच दादासाठी सही दिली नव्हती, हे माहीत होतं ना तुला.

ती म्हणाली, हो, माहीत होतं. पण तो माणूस गाडी करून आला, चप्पल बाहेर काढली, पत्र्यात वाकून शिरला, तिच्या हातचा चहा प्याला आणि तिला आजी म्हणाला. दोन तास तो विचारत होता आणि ती सांगत होती. उभ्या जन्मात तिला कुणी काही विचारलं नव्हतं. पोलीस विचारायचे ते वेगळं.

"पण मामी, खोटं का सांगितलं? पिशवी नव्हती. कुणाच्यातच नव्हती. तुलाही ठाऊक आहे."

तिचं बोट नावावरून हललं नाही.

"नव्हती म्हन्लं," ती म्हणाली, "मंग माज्या मामंजींचे पाय मोडले ते कशापायी? तुजा मामा चौकीत मेला, त्यो कशापायी? ह्या लिंबाचा गळा? चार पिढ्या मार खाल्ला सोजे. त्यो समदा उगाच व्हता म्हनू? नुसता उगाच?"

सर्जनच्या कागदाची नक्कल माझ्या पर्समध्ये होती. तिला ती सावकाश, पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा ऐकवावी असं ठरवूनच मी आले होते. मी पर्स उघडली नाही.

मामीने पुस्तक माझ्या हातातून घेतलं, मिटलं, पदराने पुसलं.

"ह्ये हितंच ऱ्हाऊ दे का?" तिने विचारलं.

मी म्हणाले, "राहू दे."